जुन्या गावच्या दगडांची खोली

भाद्रपद अर्धा सरला होता आणि तीन दिवस वारा पडलेला. सास्तूरवर आभाळ असं टेकलं होतं की चुलीचा धूर वर जायचा सोडून अंगणातच लोळत होता. सोनालीनं उजाडायच्या आत अंगण झाडलं, शेण काढलं, धारेला बसली. पण म्हैस पान्हाच सोडेना. कान ताठ करून सारखी भुईकडं बघायची.

"तिला कळतंय," सासू कोंडाबाई ओट्यावरून म्हणाली. "परवाच गणपती बोळवलेत. तवाबी असंच हुतं."

तवा म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपाला. त्या पहाटे जुन्या गावात तिचा नवरा आणि थोरली लेक दगडाखाली गेले. पोटाशी धरलेला लेक शिवशंकर तेवढा वाचला. तेव्हापासून दारातल्या कोनाड्यात स्टीलचे पाच पेले पालथे, एकावर एक. पेले वाजले की बाहेर पळायचं, हा कोंडाबाईचा कायदा.

"आत्या, मांजर हाललं तरी पळायचं व्हय?" सोनाली चिडवायची.

"पळायचं. मेल्यावर हसाय येत न्हाय, बाई."

शिवशंकरनं, म्हणजे सोनालीच्या नवऱ्यानं, सरकारी घराच्या मागं एक खोली काढली होती. दगड जुन्या गावातले, फुकटातले, ट्रॅक्टरनं ओढून मातीत बसवलेले. "ज्यांनी माणसं खाल्ली त्यांच्याच पोटात निजायचं?" म्हणत कोंडाबाईनं सात वर्षांत तिथं पाय टाकला नव्हता. वायफायचा डबा नेमका तिथंच. तिथंच बसून सोनाली दोन वर्षं स्पॅनिश शिकली. आज दहाला तोंडी परीक्षा. पास झाली तर पुण्याच्या कंपनीची घरबसल्या नोकरी. कॅमेऱ्यापुढनं उठलं की परीक्षा रद्द.

म्हशीची कास चोळता चोळता ती घोकत होती. मी असेन तर 'ए', तू असशील तर 'आस', तो किंवा ती 'आ', आम्ही 'एमोस', ते 'आन'. त्याच्यामागं क्रियापद, शेपूट कापून 'आदो' नाहीतर 'ईदो' जोडलेलं. मी झाडलंय, 'ए बार्रीदो'. धार काढलीय, 'ए ओर्देन्यादो'. माणूस बदललं की पुढचं बदलतं, मागचं जागचं हलत नाही.

"दाढ दुखायलीय का गं?" कोंडाबाई ओरडली. "सकाळधरनं ए, आ, ए, आ!"

दहाला पडद्यावरच्या बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं, आज सकाळपासून काय काय केलंयस? सोनाली सुरू झाली. अंगण झाडलंय. धार काढलीय. हे खोटं होतं, पण वाक्य बरोबर होतं. तिसरं वाक्य तोंडात असतानाच पायाखालून घरघर आली, लांबून लोडिंगचा ट्रक यावा तशी. रस्ता मात्र घराच्या दुसऱ्या अंगाला होता, आणि तो मोकळा होता. दारातले पेले किणकिणले. मग खणखणत फरशीवर पडले.

"सोनाले, भाईर ये!"

सोनाली हलली नाही. हाक तीनदा आली. मग अनवाणी पावलं वाजली आणि कोंडाबाई उंबरा ओलांडून आत आली. भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"तू उठंना, तर म्याबी हितंच."

"काय झालंय?" पडद्यावरून प्रश्न आला.

भिंतीतून मातीची बारीक धार म्हातारीच्या पदरावर गळत होती. सोनालीला ती दिसली. दिसूनही ती बोलली. पेले पडलेत, 'से आन काईदो लोस वासोस'. सासू आत आलीय, 'मी स्वेग्रा आ एन्त्रादो'. अजून सहा मिनिटं ती बोलत राहिली. त्या सहा मिनिटांत तिनं एकदाही खाली पाहिलं नाही.

शेवटी बाई हसल्या. पास. सोमवारपासून काम, रोज आठ तास.

अंगणात येऊन कोंडाबाईनं पदर झटकला. "झालीस पास?"

"व्हय, आत्या."

"मंजी आता रोज तितंच."

सोनाली परत खोलीत गेली. चौकटीच्या वर काल नव्हती अशी भेग होती, काडेपेटीची काडी सहज आत जाईल एवढी. तिनं घराच्या दारात फरशीवर पडलेले पाची पेले आणले, पुसले, आणि खोलीतल्या आपल्या खुर्चीलगतच्या खिडकीत पालथे रचले. शेवटचा ठेवल्यावर हलकेच किणकिण झाली. तिनं वर तळवा दाबून धरला. आवाज थांबला, तळव्याला मात्र काहीतरी जाणवत राहिलं.

गोठ्यात म्हैस हंबरली. सकाळची धार अजून तशीच होती. सोनालीनं चरवी उचलली आणि कास धुवायला पाणी घेऊन गोठ्याकडं निघाली.