साडभाऊंचं ओलं गोणपाट

अख्ख्या जालना जिल्ह्यात शाळकरी पोरांच्या आईबापांनी सर्वांत जास्त शिव्या कुणाला घातल्या असतील, तर माझ्या साडभाऊंना. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत किती दाणे उगवले ते मोजण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि रिटायर झाल्यावर ह्या गृहस्थानं पोरांकडून विज्ञान प्रदर्शनाचे प्रयोग करून घ्यायचा उद्योग मांडला. फुकट, म्हणून लोक यायचे, आणि पस्तावायचे. कारण नियमच असा, की आईबापांनी बाहेर ओट्यावर बसायचं, कशालाही हात लावायचा नाही. आमच्या मुलीनं पट्टी वाकडी चिकटवली म्हणून मी एकदा नुसता पुढं झालो, तर म्हणाले, "सातवीत तुम्ही हायेत का ती? बसा तिकडं!" तेही माझ्या बायकोसमोर!

दुकानातून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी घेऊन कुणी आलं की त्याची धडगत नसे. "जालन्यात ज्वालामुखी कुठं पाह्यला रे तू? समोर दिसतं ते मोज की!" अंबडच्या एका पोरानं वाळू-कोळशाचं गाळणं केलं, तर पाणी आत गेलं त्याहून काळं बाहेर आलं. शहाण्या माणसानं गुपचूप खालचा ग्लास बदलला असता. साडभाऊंनी तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहायला लावलं, 'पाणी आणखी घाण झालं. कारण कोळसा धुतला नाही.' पोराची आई अजून त्यांच्याशी बोलत नाही. "बक्षीस न्हाई भेटलं तं न्हाई," ते म्हणाले, "पण कोळसा धुवायचं बिलकुल इसरणार न्हाई तो."

आमच्या मुलीला त्यांनी सोयाबीन दिलं. एक बी जाफराबादच्या तिच्या मामाच्या घरचं, दुसरं बाजारातल्या पिशवीतलं. दोन्हींचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि आठव्या दिवशी कोंब मोजायचे. पोरगी शाळेतून आली की दप्तर फेकून गोणपाटापाशी. घरचे ब्याऐंशी उगवले, पिशवीतले चोपन्न. साडभाऊंनी तीनदा मोजायला लावले. "बराबर. आता लिही. हा आकडा तुझा हाय, ब्रह्मदेव आला तरी बदलायचा न्हाई."

ब्रह्मदेव आला नाही, हेडमास्तरांचा फोन आला. प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे नेमके त्याच पिशवीचे विक्रेते होते. "पिशवीचं नाव राहू द्या, पाहुण्यांना बरं वाटेल," हेडमास्तर म्हणाले, "आकडा तेवढा बघा." आणि मी बघितला. प्रदर्शनाच्या सकाळी, पोरगी आईकडून वेण्या घालून घेत होती तेवढ्यात, व्हाइटनर लावून चोपन्नचे चौऱ्याऐंशी केले. माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. पोरीला बक्षीस मिळावं म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मोठ्या माणसांना मला नाही म्हणताच येत नाही. शाळेत तक्ता पाहून ती "पप्पा, हे..." म्हणाली, तर मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. थू माझ्या जिनगानीवर!

पहिलं बक्षीस मिळालं. गोणपाट शेजारी तसंच पसरलेलं होतं. ते बदलायचं मला सुचलं नव्हतं आणि मोजायचं पाहुण्यांना सुचलं नाही. साडभाऊ आले, तक्ता वाचला, मग वाकून पिशवीतल्या दाण्यांच्या एकेका कोंबाला बोट लावत मोजायला लागले. चोपन्नला थांबले. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पोरीला विचारलं, "बाई, तू किती मोजले व्हते?"

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "चौऱ्याऐंशी."

साडभाऊंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "बरं," म्हणाले आणि निघून गेले. जाणं-येणं अजून आहे, दिवाळीचा फराळही येतो. पण पोरं घेणं त्यांनी बंद केलं. मी दोनदा गळ घातली, तर म्हणाले, "आता नजर बराबर न्हाई राह्यली हो, दाणे दिसत न्हाईत." पेपर मात्र रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

यंदा पोरगी आठवीत आहे. परवा आपणहून वही घेऊन बसली, पट्टीनं सुबक कोष्टक आखलं. बी अजून घरात आलेलं नव्हतं. मान वर न करता तिनं विचारलं, "पप्पा, आकडे किती लिहू?"

रागवायला तोंड उघडलं, पण रागवणार कोणत्या तोंडानं? म्हटलं, "चल बाळा, काकांकडं जाऊ. त्यांच्या पाया पडतो मी."

"नको पप्पा," ती मला समजावत म्हणाली, "त्यांच्याकडं आठ दिवस लागतात."