लाल शाईचं कॉलेज

नगरच्या बसस्टँडसमोरच्या त्या झेरॉक्सवाल्याचं नाव मला कधीच कळलं नाही. त्याच्या कानावर पेन्सिल असायची, आणि मशीनचं झाकण तो इतकं अलगद लावायचा की आत कुणाचं मूल झोपलंय असं वाटावं.

इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे एका साप्ताहिकाचं पान घेऊन गेले. त्यात कॉलेजांचे नंबर छापले होते आणि पहिल्या नंबराभोवती वडिलांनी पेनने ठसठशीत गोल काढला होता. त्याने पानाची झेरॉक्स काढली. मग न सांगताच तळाची बारीक अक्षरं मोठी करून वेगळा कागद हातात ठेवला.

"नंबर कशाचा हाय ते खाली लिवलेलं असतं. कुनी वाचत न्हाई."

मी वाचलं. इमारत, कॉम्प्युटर, आवाराचे एकर. शिकवण्याबद्दल चकार शब्द नव्हता.

"मग ठरवायचं कसं?"

"माझ्याकडं समद्या कॉलेजांच्या वह्या येत्यात. ह्या पहिल्या नंबरवाल्यांच्या लई स्वच्छ, एक खूण न्हाई. नवव्या नंबरवाल्यांच्या वह्यांत मात्र लाल शाईच लाल शाई. म्हंजी तिथं कुनीतरी वाचतंय."

त्या संध्याकाळी मी वडिलांशी भांडून फॉर्मवर नववं कॉलेज पहिलं लिहिलं. तिथं प्रवेशही मिळाला.

पहिल्याच महिन्यात जर्नल तपासून परत आलं, पानापानावर लाल. वर्गातल्या बाकीच्या मुली रडवेल्या झाल्या. मी मात्र शनिवारच्या एसटीने ते जर्नल वडिलांना दाखवायला घरी घेऊन गेले.