पद्मावतीकाकूंनी फोनला नाव सांगितलं

कुंडलच्या पद्मावतीकाकूंनी उभ्या संसारात नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, आणि तेही बायकांनी दार अडवल्यावर. एरवी नुसतं "आवं" म्हटलं की काका पार शिवारातनं ओ द्यायचे. नेटवर्क म्हणावं तर असं!

मग काकांनी मोबाईल घेतला आणि घरात गुलाब उगवले. रोज सकाळी सगळ्या ओळखीपाळखीच्यांना 'शुभ सकाळ'चा गुलाब. शेजारच्या हरणाबाईलासुद्धा! बायकोलाच तेवढा नाही, कारण तिच्याकडं फोनच नव्हता. हरणाबाई कसली गुणाची, तिनं तो गुलाब कुंपणावरनं काकूंना दाखवला. झालं.

काका ताटावर बसलेले. काकू म्हणाल्या, "जावा की! गुलाब गेलाय तिकडंच जेवा."

काका उठले ते थेट तासगावला, बेदाण्याच्या शेडवर. जाताना सुनेला सांगून गेले, "तिनं स्वतः बोलवल्याबिगर मी येत न्हाई."

महावीर जयंती तोंडावर आली तरी माणूस येईना. काकूंना घर खायला उठलं. शेवटी सुनेनं, प्रीतीनं, आपला जुना फोन त्यांच्या हातात दिला.

"बटन दाबायचं आन् नाव सांगायचं, आत्ती. आपसूक लागतोय."

"नाव? फोनला?"

"मग? त्याला काय कळतंय 'आवं' कोन ते!"

काकू धान्याच्या खोलीत गेल्या, आतनं कडी लावली. तरी आधी "आवं"च म्हणून बघितलं. फोन ढिम्म. "घरधनी" म्हटलं, तर त्यानं सांगलीतले फ्लॅट दाखवले. मग काकूंनी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "जिनपालला फोन लाव."

लागला की वो!

"आवं, ऐकलं का?"

"हं," पलीकडनं आलं.

"माझं चुकलं असं म्हनत न्हाई मी. पर तुमच्याबिगर भाकरी घशाखाली उतरंना. गुलाब नगं, काय नगं. तुमीच या."

पलीकडं नुसता वाऱ्याचा आवाज. मग कुणीतरी खाकरलं. "काकू, मी खांबावर हाय वो. वायरमन जिनपाल. आमची बी आवंच म्हनती, म्हनून 'हं' म्हटलं."

आता ह्यात चूक कुणाची? सासऱ्याचं नाव प्रीती तरी कुठं घेती? तिनं त्यांचा नंबर 'मामा' म्हणून ठेवलेला. अख्ख्या फोनात जिनपाल एकच, तो खांबावरचा!

काकूंनी फोन ज्वारीच्या पोत्यात खुपसला. वायरमन मात्र खांबावरनं उतरला आणि पहिलं काम काय, तर काकांना फोन.

दिवस मावळायच्या आत काका एसटीनं दारात हजर.

"वायरमनला बोलवलंस म्हनं?"

"नाव तर तुमचंच घेतलंतं."

"माझं? उखाना न घालता?"

"व्हय."

काका तिथंच उंबऱ्यावर बसले. नातवंडांचा आजा, पण असा लाजला की नवरदेव परवडला. "एकदा परत म्हन की."

"फोनला म्हनीन, तुमाला न्हाई. दिवस बुडतोय, चला ताटावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या फोनवर त्यांचा पहिला गुलाब आला. तो पुढं कसा पाठवायचा ते काकूंनी प्रीतीकडनं शिकून घेतलं, आणि लगोलग पाठवला.

हरणाबाईला.