बारकी खुर्ची

"तू ये. तुला काही नाटक करायची गरज नाही."

मॅडम भर वर्गात बोलल्या. सगळे हसले.

शहापूरला आमी मतिमंद पोरांचे शिक्षक व्हायचं शिकत होतो. तिथली रीत अशी, की पोरांची चाचणी आधी एकमेकांवर करून बघायची. एकीने शिक्षक व्हायचं, एकीने मूल. मूल होईल तिने बालवाडीच्या बारक्या खुर्चीत बसायचं. वाशिंदच्या, कल्याणच्या मुली शिक्षक. मूल नेहमी मीच, मुरबाडच्या डोंगरातल्या वाडीवरली. चाचणीतले ठोकळे रचले तरी हसायचे, तोंड उघडलं तरी हसायचे.

मग मला संशयच यायला लागला. दोघी कुजबुजल्या की माझंच. मॅडमने पेन उचललं की माझंच. सगळे गेले की मी वर्गात एकटी ते ठोकळे रचून बघायची. खरंच जमतंय ना आपल्याला? रात्री झोप यायची नाय. जेवण जाईना. घरी आय म्हणाली, "कोनाची नजर लागली गो तुला? चल भगताकं." मी गेले नाय. त्यानेपण मला येडी ठरवली तर?

एकदा पाण्याच्या नळाच्या भिंतीआड मॅडम दिसल्या. डोळे माझ्यासारखेच जागून सुजलेले. गोळी गिळत होत्या. मला बघून दचकल्या.

"डोक्याच्या डॉक्टरने दिलीय. कुणाला बोलू नकोस. कळलं तर मलाच वेडी ठरवतील."

मला दया आली. रागही आला. ज्या शब्दाला बाई स्वतः एवढ्या भीत होत्या, तोच मला रोज चारचौघांत चिकटवत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोड बोलून चहा पुढे केला. मी घेतला नाय. गोडीमागे काय आहे, कोण जाणे.

आठवडा गेला नि पुन्हा तेच. "चल, बस खुर्चीत."

"नाय बसनार."

मॅडमचं तोंड पांढरं पडलं. मी गोळीचं बोलेन असं वाटलं असेल.

"प्रात्यक्षिकाचे मार्क माझ्या हातात आहेत."

"असू द्या. आज तुमी मूल व्हा."

त्या दिवशी खुर्ची रिकामी राहिली. मार्क गेले. परीक्षा पुन्हा दिली.

गोळीचं मी वर्गात कोणाला बोलले नाय. पण माझं डोकं कधी बिघडलंच, तर मी नळाआड जाणार नाय. चारचौघांत मीच सांगेन. मला येडी ठरवायला दुसऱ्या कोणाला आता मी त्या खुर्चीत सापडणार नाय.