बोटभर फट

मला काळजी करायला कारण लागत नाही. दाराला कुलूप लावून बसथांब्यापर्यंत गेले की ते नीट लागलंय का, हे बघायला मी परत येते. त्यामुळे सातपूरच्या शाळेत बालवर्गाला चित्रकला शिकवताना एका मुलीने ठोकळ्यांमध्ये सोडलेल्या फटींनी माझी झोप उडवली, यात नवल नाही.

चित्रकलेच्या तासाला मी खडूंआधी लाकडी ठोकळे काढते. ज्या बोटांना अजून खडू धरवत नाही, तीही ठोकळे उचलतात. आधी बांधायचं, मग त्याच्यासमोर बसून चित्र काढायचं. भिंत कशी उभी राहते हे हाताला कळलं, की कागदावरचं घर सहसा कलत नाही. मुलं ठोकळ्याला ठोकळा चिकटवून भिंती रचत. ही मुलगी मात्र दर दोन ठोकळ्यांमध्ये फट ठेवायची. दिवाळीनंतर ती सटाण्याकडून आली होती, आणि वर्गात फारसं बोलत नसे. मी शेजारी बसून बोटाने ठोकळे सरकवून फटी बुजवायचे. माझी पाठ वळली की फटी पुन्हा हजर.

हिला नीट दिसत नाही का? हातात काही दोष असेल का? नको नको ते मनात यायला लागलं. त्यातच मोठ्या बाईंनी बालवर्गात आणखी एक वर्ष ठेवायच्या मुलांची यादी मागितली. मी तिचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. तिच्या आईला बोलावून सांगितलं, "तिला ठोकळे जोडता येत नाहीत. घरी सराव घ्या, आणि डॉक्टरांना एकदा दाखवा." आईचा चेहरा उतरला. तो बघून मी त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही, पण नावही खोडलं नाही.

यादी शनिवारी पक्की व्हायची होती. त्या सकाळी मी आईला वर्गात बोलावलं, स्वतःच एकदा बघा म्हणून. ती भिंतीला टेकून बसली. मुलीने ठोकळे घेतले आणि एकाला एक घट्ट चिकटवत लांबलचक रांग रचली. वर दुसरा थर. एकही फट नाही! माझा जीव भांड्यात पडला. मी टाळ्या वाजवून "शाब्बास!" असं ओरडलेसुद्धा.

मुलगी रडायला लागली. "वारा नही लागना ते कांदा सडी जातीन!"

मला काही कळेना. आई मात्र उठून जवळ आली.

"चाळ हे ती, मॅडम. कांद्याची. हिचे आजोबा हिला घेऊन चाळीपाशी बसायचे. भिंतीत फटी ठेवाव्याच लागतात, नाय तर आतला कांदा जातो." मग तिचा आवाज खाली गेला. "तुम्ही ठोकळे म्हणाल्या. ती चाळ बांधती हे मला काय माहीत? मी तिला सरावाला काडेपेट्या दिल्या. फट ठेवली की हातावर मारायचे."

बांबूच्या पट्ट्यांच्या त्या लांब चाळी मी बसच्या खिडकीतून कितीदा पाहिल्या होत्या. आणि इतक्या दिवसांत मी या मुलीला एकदाही विचारलं नव्हतं, की बाळा, काय बांधतेस?

मी तशीच ऑफिसकडे धावले. यादी गेली असली तर? मोठ्या बाई नुकतंच पेन उघडत होत्या. मी माझी चूक सांगितली, तिचं नाव खोडलं, शेजारी सही केली.

"नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"नक्की," मी म्हणाले. माझ्या तोंडून हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा.

परत येऊन मी आईला यादीचं सांगितलं आणि माफी मागितली. मग जमिनीवर बसले आणि एक ठोकळा जरासा सरकवला. "एवढी फट?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. तिने माझं बोट धरलं, दोन ठोकळ्यांमध्ये घातलं, आणि ते सहज मावेपर्यंत ठोकळा बाजूला सारला. पुढच्या ठोकळ्याला हात लावण्याआधी ती थांबली. तिने आधी आईच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या.