फोनवर चालणारी चिमणी

बेंबळीच्या आमच्या घरात नवं किचन आलं ते सासूबाईंच्या खोकल्यामुळे. तव्याचा, फोडणीचा धूर त्यांना सोसेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि धूर बाहेर काढायची काहीतरी सोय करा म्हणून बजावलं. म्हणून विजेची चिमणी. तिच्या मागोमाग मी माझा ओव्हनही हळूच आत घुसवला.

फर्निचरवाल्याने विचारलं, "बटणं कुठं द्यायची?" ओव्हनला जाड वायर आणि मोठं बटण, चिमणीला वेगळं, दोन्ही ओट्याच्या वर, कपाटामागं दडवायची नाहीत, असं त्याचं सरळ म्हणणं. सासूबाईंनी तर भिंतीवर बोट ठेवून जागाच दाखवली.

तेवढ्यात सासरे म्हणाले, "बटण कशाला? हिरीवर हाय का बटण?"

आमच्या विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर आहे. पेटीत सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की तिकडे मोटार सुरू होते आणि आतली बाई सांगते, "मोटार चालू झाली आहे." त्या बाईवर सासऱ्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा घरातल्या एकाही बाईवर नाही.

"रानातली मोटार मी घरनं बंद करतो, मग घरातला ओव्हन रानातनं बंद करता येऊ नये व्हय? तुमी चालू ठिवून इसरलाव तर?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने छताकडे पाहिलं. गावातला मोटारवाला आला आणि चिमणी-ओव्हनच्या लाइनीवर तसलीच पेटी बसवून गेला. भिंतीवर एकही बटण नाही. पेटीत नंबर फक्त सासऱ्यांचा, दुसऱ्या कुणाच्या फोनला ती दाद देत नाही, कारण विहिरीवरही तसाच आहे.

दुसऱ्या दिवसापासून आमचा तमाशा सुरू झाला. सासूबाई पीठ मळून हाक मारायच्या, "अवो, चिमणी लावा की!" सासरे पारावर बसून फोन लावायचे, तोही स्पीकरवर. सगळ्या पाराला कळायचं की आमच्याकडे आता भाकरी होणार. एकदा कांद्याला पाणी सोडायचं म्हणून त्यांनी चुकून घरच्या पेटीचा नंबर दाबला. कांदा कोरडा राहिला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात चिमणी दुपारभर घुमत बसली. माझा केक तर त्यांनी रानातूनच अर्ध्यात बंद केला. म्हणे, "झाला असंल की आतापतुर."

मग एके दिवशी ते सोयरिकीच्या बैठकीला तामलवाडीला गेले आणि फोन लागेना. इकडे तवा तापलेला. सासूबाईंना असा खोकला लागला की डोळ्यांतून पाणी आलं, श्वास पुरेना. मी घाबरले. आणि चार हातांवरची ती पेटी बघून माझं डोकंच फिरलं.

सासूबाईंनी मात्र दम खाऊन गॅस बंद केला, परात उचलली, अंगणात बैठकीच्या खोलीच्या खिडकीखाली तीन दगड मांडले आणि ओल्या काटक्यांची चूल पेटवली. वारा खिडकीकडेच होता. त्या स्वतः धूर येणार नाही अशा बाजूला बसल्या.

सासरे आले, बैठकीतल्या बाजेवर टेकले आणि चहा हातात येण्याआधीच खोकायला लागले.

"अगं, काय लावलंयस हे? बंद कर की!"

"फोन लावा," भाकरी थापत त्या म्हणाल्या. "बंद हुतीय का बघा."

मी पदर तोंडात कोंबला. नवऱ्याने पुन्हा छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पेटी निघाली. बटण किती उंचीवर द्यायचं म्हणून वायरमनने सासऱ्यांना विचारलं. सासूबाई मध्ये आल्या आणि भिंतीवर पहिल्याच जागी पिठाचं बोट ठेवलं. "इथं. चूल पेटवायला म्या कधी कुणाला इचारलं न्हाय."

संध्याकाळी त्यांनी बटण दाबलं, बैठकीकडे तोंड केलं आणि त्या पेटीतल्या बाईच्या शुद्ध, थंड आवाजात जाहीर केलं, "चिमणी चालू झाली आहे."

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "बरं."

सासूबाईंनी पहिली भाकरी तव्यावर टाकली. खोकल्या नाहीत.