कॉइल शाबूत होती

वाइंडर म्हणजे मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर भरणारा माणूस. जळकी कॉइल उकलायची, वेढे मोजायचे, तेवढेच नवे घालायचे. बत्तीस वर्षं त्याने हेच केलं. शाळा सातवीत सुटली, पण नुसत्या वासावरून कॉइल किती तापली होती ते सांगायचा. शिकलेसवरलेले इंजिनिअर त्याच्या दुकानातल्या मोडक्या स्टुलावर बसून आपलं कुठे चुकलं ते विचारायचे. त्याला याचा गर्व होता, आणि का नसावा?

धाकटा भाऊ सुतार, पलीकडच्याच गल्लीत. टेबलांच्या फळ्यांवर विजेने नक्षी जाळायची टूम निघाली, तेव्हा त्यानेही जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधला, घरच्या विजेचा दाब जवळजवळ दसपट वाढवणारा ट्रान्सफॉर्मर पैदा केला. फळीच्या दोन टोकांना दोन चिमटे लावले की ओल्या लाकडात ठिणगी मुळांसारखे फाटे फोडत पळायची. गिऱ्हाईक खूश. फक्त ट्रान्सफॉर्मर टिकत नव्हता. आठवड्याला एक जळायचा.

"घरात एवढा मोठा वाइंडर, आणि मी भंगारवाल्याचे खिसे भरतोय," असं धाकटा एकदा चारचौघांत म्हणाला. थोरल्याला ते झोंबलं. दोन दिवसांत त्याने पेटी बनवून दिली. येणाऱ्या लाइनमध्ये मोठा बल्ब सिरीजला टाकला. करंट हद्दीबाहेर जायला लागला की बल्ब पेटणार, भार स्वतःवर घेणार, कॉइल वाचणार. दुकानातल्या तपासणीच्या बोर्डावर रोजचंच काम ते. पेटी हातात देताना म्हणाला, "आता बिनधास्त वापर."

पेटी अशी चालली की गल्लीतल्या आणखी तीन सुतारांनी तशाच करून घेतल्या.

चार महिन्यांनी, भर दुपारी, धाकटा चिमटा हातात असतानाच गेला. कोणीतरी मेन स्विच पाडला होता. वाइंडर धापा टाकत पोचला. भावाच्या छातीवर हात ठेवला, नाकाशी बोटं धरली. मग सवयीने तोच हात ट्रान्सफॉर्मरवर गेला. गार होता. कॉइल शाबूत होती, आणि त्याला तिथल्या तिथे सगळं कळलं. त्याने सांभाळली होती ती कॉइल. एवढ्या दाबाच्या विजेत माणसाचं काळीज बंद पाडायला लागतो तो करंट इतका थोडा, की बल्ब जेमतेम लालसर झाला असेल.

लोकांना मेलेल्यावर चिखल उडवायला काय जातं? गल्लीत बोलणं सुरू झालं, प्यायलेला असणार. चौकशीला आलेल्या साहेबाने निष्काळजीपणा लिहिला आणि निघून गेला. किराणावाल्याकडे भावजयीने हे कानांनी ऐकलं. ती वाइंडरकडे आली आणि म्हणाली, दादा, तुम्ही तरी सांगा, ते थेंबाला शिवत नव्हते. त्याने मान हलवली आणि तोंड शिवून बसला. आठ दिवस. भावाच्या बदनामीआड त्याचं नाव सुखरूप राहिलं होतं, आणि गल्लीत तीन पेट्या तडतडत होत्या.

नवव्या दिवशी सकाळी तो तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. ती भांडी विसळत होती. हात थांबले नाहीत.

"आधी ते चिमटा सरकवायचा तर दर खेपेला प्लग काढायचे," ती म्हणाली. "मी त्यांना घाबरट म्हणून चिडवायचे. तुमची पेटी आली आणि काढेनासे झाले. म्हणायचे, दादाने केलंय."

तिने नळ बंद केला.

"मला एकटीला सांगून काय करू? गल्लीत चला."

ती पुढे, तो मागे. पहिल्या दोघांनी ऐकून घेतलं आणि मुकाट्याने पेट्या काढून दिल्या. तिसरा हसला. तुझा भाऊ बावळट होता म्हणून मी धंदा बंद करू काय, म्हणाला. वाइंडरने प्लग उपटला, खिशातली पक्कड काढून वायर कापली. तिसऱ्याने त्याची कॉलर धरली. वाइंडरने ती सोडवली नाही. माणसं जमली, तसा तो मोठ्याने बोलला.

"तो प्यायलेला नव्हता. बावळटही नव्हता. करंट आवळला की माणूस वाचतो असं मला वाटलं, आणि तो माझ्या शब्दावर विसंबला."

कॉलरवरचा हात आपोआप सुटला. किराणावाला आपल्या तराजूकडे बघत राहिला.

भावजयीने पदराने तोंड पुसलं. जे ऐकवायला ती आली होती ते सगळ्यांनी ऐकलं होतं. ती वळली आणि घराकडे चालू लागली. वाइंडरने तिन्ही पेट्या उचलल्या. दोन काखेत, एक हातात. ती कोपऱ्यावर दिसत होती, हाक पोचली असती. त्याने मारली नाही. तीही थांबली नाही.